कूलरसमोरचा लॅपटॉप

आम्ही तेव्हा कोरपन्याला, सिमेंट कारखान्याजवळ राहत होतो. लग्नांचे व्हिडिओ जोडायचं माझं काम, आणि लग्नं नेमकी मे महिन्यात. सीडी तयार करायला लावली की लॅपटॉपचा पंखा किंचाळायचा, खालून चटका बसायचा, आणि वरात रंगात आली की तो बंदच पडायचा. चिडून मी त्याला थेट कूलरसमोर ठेवला. काही दिवस बरा चालला. मग पहिल्यापेक्षा जास्त तापू लागला.

"थंड्या हवेत ठेवून बी काऊन तापून राह्यला जी हा?" बायकोनं विचारलं.

मलाही तेच कळेना. शेवटी स्क्रू काढून उघडलाच. पंख्यापुढची बारीक जाळी राखाडी दगडानं बुजली होती. ब्रशनं काही हलेना, सुईनं टोकरावी लागली. हवेतली सिमेंटची धूळ आणि कूलरची ओल, दोन्ही आत जाऊन घट्ट बसली होती. थंडावा म्हणून मी त्याच्या नाकात प्लास्टर करत होतो!

मला हसू फुटलं. बायको हसली नाही. ती कूलरकडे बघत होती.

"आपण बी त त्याच्याच समोर झोपतो न जी," ती म्हणाली.