ओळखीचं भरीत

मला हॉटेलात जेवायला जायची भीती वाटते. असं सांगितलं की लोक हसतात, कारण मी जळगावची, तिखटाला न डरणारी, चार माणसांचं एकटी रांधून पाचव्याला आग्रह करणारी बाई. शारजात राहून हॉटेलांना घाबरायचं म्हणजे नदीकाठी घर घेऊन पाण्याला घाबरायचं, असं माझा नवरा म्हणतो. म्हणू दे त्याला. आमच्या लेकीला तीळ चालत नाहीत, आणि इथल्या कुठल्या पदार्थात तीळ नसतील याची खात्री मला अजून कुणी देऊ शकलेलं नाही.

'चालत नाहीत' हे म्हणायला सोपं आहे. ती दोन वर्षांची असताना, पुण्यात, संक्रांतीच्या दिवशी शेजारच्या काकूंनी कौतुकानं तिच्या तोंडात तिळगुळाचा एवढासा तुकडा घातला. पाच मिनिटांत ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या आणि श्वास घरघरायला लागला. दवाखाना गल्लीच्या तोंडाशी होता म्हणून निभावलं. डॉक्टरांनी नंतर तपासण्या केल्या आणि स्पष्ट सांगितलं की तीळ, तिळाचं तेल, तिळाची चटणी, काही म्हणजे काही नको, पुढच्या वेळी याहून जोरात होऊ शकतं. जळगावहून आईचा फोन आला. "तिळानं कुणाला काय होतं गं? थोडं थोडं देत जा, सवय होईल." त्या दिवशी मी आईवर आयुष्यात पहिल्यांदा ओरडले.

तेव्हापासून आमच्या घरात तिळाचा दाणा आलेला नाही. संक्रांतीला आम्ही शेंगदाण्याची वडी वाटतो, आणि मराठी मंडळातल्या बायका हळदीकुंकवाला हातावर तिळगूळ ठेवायला लागल्या की मी लेकीला उचलून बाहेर नेते. माझ्या पर्समध्ये एक लाल पाऊच असतो, त्यात पुन्हा तसं झालं तर टोचायची इंजेक्शनची दोन पेनं. टोपण काढायचं, मांडीवर दाबायचं, मोजायचं. डॉक्टरांनी खोट्या पेनानं माझ्याकडून सराव करून घेतला होता. खऱ्या पेनाची वेळ येऊ नये म्हणून मी कुठल्या कुठल्या देवांना काय काय बोलून ठेवलं होतं, ते त्यांचं त्यांनाच माहीत.

नवऱ्याला नोकरी लागली दुबई मरीनाला आणि परवडणारं घर मिळालं शारजात. रोज जाऊन येऊन तीन-साडेतीन तास तो रस्त्यावर असतो. आठवडाभर ब्रेकलाइट बघून आलेल्या माणसाला शनिवारी दुपारी घरच्या वरणभाताचं कौतुक सांगण्यात अर्थ नसतो. आमच्या इमारतीखालून चालत निघालं की दहा मिनिटांत चार ग्रिलची हॉटेलं लागतात. दारातच कोळशाची भट्टी, पंख्यानं वारा घालणारा माणूस, रस्त्यापर्यंत येणारा मांसाचा वास. नवरा तिथे चालता चालता रेंगाळायचा. मला मात्र काचेपलीकडे दिसायच्या त्या तीळ पेरलेल्या रोट्या, आणि हमसच्या वाट्या. हमसमध्ये ताहिनी, म्हणजे वाटलेले तीळ, एवढं मी इथे आल्याच्या पहिल्या आठवड्यातच शिकले होते. तिळाला अरबीत सिमसिम म्हणतात हेही. भाजीवाल्याशी घासाघीस करण्याइतकी अरबी मला अजून येत नाही, पण 'बिदून सिमसिम', तिळाशिवाय, हे मी झोपेतही म्हणू शकते.

आठ महिने मी नाहीच म्हणत राहिले. मग त्यातलं एक हॉटेल मी चाचपून पाहिलं. आधी एकटी गेले, तिथल्या वेटरला गाठलं. पन्नाशीचा, पिकल्या मिशांचा माणूस होता, मूळचा पेशावरकडचा. मी त्याला अर्धा तास प्रश्न विचारले. मॅरिनेशनमध्ये काय? दही, लिंबू, केशर. तेल कुठलं? सळया कुठे धुता? मांस कापायची फळी वेगळी आहे का? एखादा चिडला असता. हा शांतपणे म्हणाला, "सिस्टर, मेरे भाई का बेटा भी ऐसा है. उसको अंडा नहीं चलता. आप लेके आओ बच्ची को."

आम्ही चार वेळा गेलो. चारही वेळा तेच मागवलं: सळईवर भाजलेली कोंबडी, साधा भात, भाजलेला टोमॅटो, कांदा. रोटी नाही, हमस नाही, सॉस नाही. फॅमिलीसाठी मागच्या बाजूला पडदे लावलेल्या छोट्या खोल्या होत्या, त्यातली कोपऱ्यातली आमची ठरून गेली. मी टेबल ओल्या रुमालानं पुसायचे, खुर्चीचे हात पुसायचे, आणि नवरा मेनूआडून म्हणायचा, "आता छताला पण हात लाव एकदा." पहिला घास लेकीनं घेतला की मी वीस मिनिटं जेवायचे नाही. तिच्या ओठांकडे बघत बसायचे. माझं जेवण नेहमी गार व्हायचं.

लेकीला मी एक सवय लावली होती. बाहेरचं काहीही समोर आलं की आधी विचारायचं. शाळेत, वाढदिवसाला, विमानात, ती न चुकता विचारायची, "इज देअर सेसमी इन इट?" सहा वर्षांची पोर, पण चेहरा असा की समोरचा खोटं बोलायला धजू नये. घरी मात्र तिनं कधीच विचारलं नाही. घरचं मी केलेलं असायचं.

पाचव्या वेळी आम्ही गेलो तेव्हा नेहमीसारखंच सगळं झालं. मी विचारलं, वेटरनं "मालूम है सिस्टर, सब अलग" म्हणून छातीवर हात ठेवला. त्या दिवशी बाजारातून परस्पर आलो होतो आणि नवऱ्यानं गाडी घाईत चुकीच्या जागी लावली होती, ती हलवायला तो उठला. तेवढ्यात वेटर परत आला आणि त्यानं टेबलाच्या माझ्या बाजूला एक छोटी बशी ठेवली. "ये आपके लिए. हमारी तरफ से. रेग्युलर कस्टमर है अभी आप." आणि पडदा सोडून गेला.

बशीतून वास आला आणि माझा जीव गलबलला. विस्तवावर भाजलेल्या वांग्याचा वास होता तो. हा वास जळगावच्या माणसाला सांगावा लागत नाही. थंडीत शेतावर काट्याकुट्यांच्या जाळात वांगी भाजायची, लाकडी भांड्यात ठेचायची, हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे, कांद्याची पात, आणि पन्नास माणसं पंगतीला. दीड वर्षात तो वास माझ्या नाकाला लागला नव्हता. इथल्या घरात गॅसवर वांगं भाजलं की धुराचा अलार्म वाजतो.

मी बोटानं चाटून पाहिलं. थोडं आंबट, मऊ, दाटसर, पांढुरकं. मला हसूच आलं. दही घातलंय, म्हटलं. पुण्याकडे करतात तसं. आमच्याकडे भरतात दही घालणाऱ्याला भरताबद्दल बोलायची परवानगी नसते, आणि या एका विषयावर माझा पुणेकर नवऱ्याशी लग्नापासून नऊ वर्षं वाद चालू आहे. नवरा आला की त्याला सांगायचं, तुमचं पुणेरी भरीत शारजापर्यंत पोचलं बघ, तिथेही बिघडवलंच, असं वाक्य मी मनात जुळवत होते.

"आई, व्हॉट्स दॅट?"

"भरीत. आपलं भरीत."

"इज देअर सेसमी इन इट?"

"नाही गं बाळा," मी म्हणाले. "वांगं आणि दही. खा."

आणि मी स्वतःच्या हातानं चमचा भरून तिला दिला. एक. मग तिला आवडलं म्हणून दुसरा.

तिनं घसा खाकरला. पाणी प्यायली. पुन्हा खाकरला. मला वाटलं मिरची लागली, आणि पुढच्याच क्षणी लक्षात आलं की त्यात मिरची नाहीच. "आई, माय टंग फील्स बिग," ती म्हणाली. आवाज तिचा नव्हता. मान खाजवत होती, आणि नखांमागून लाल चट्टे उठत होते.

मी पर्स उपडी केली. पाऊच समोर होता तरी मला दिसेना. मग दिसला तर चेन सरकेना. पेन हातातून निसटून टेबलावर पडलं आणि बशीला आपटलं. मी तिला जमिनीवर आडवी केली. ती रडत नव्हती, आणि तेच मला सहन होत नव्हतं. रडायलाही श्वास लागतो. ओठ जांभळट दिसायला लागले होते. मी टोपण काढलं, पेन मुठीत धरलं, आणि मला सुचेना की कुठलं टोक खाली. शंभर वेळा केलेलं. मी मोठ्यानं बोलले, स्वतःलाच, "सुईचं टोक मांडीवर, सुईचं टोक मांडीवर," आणि कपड्यावरूनच दाबलं. खट् असा आवाज झाला. मी मोजायला लागले आणि चारनंतर काय येतं ते मला आठवेना. तेव्हा मी फक्त धरून ठेवलं.

माझ्या ओरडण्यानं वेटर आत आला. बघितलं, आणि मागे वळून ॲम्ब्युलन्सला फोन लावा म्हणून ओरडला. मग त्याची नजर बशीकडे गेली. त्याचा चेहरा उतरला. "सिस्टर, बच्ची को दिया? इसमें तो ताहिनी होता है."

त्यानं बशी माझ्यापुढे ठेवली होती. विचारायचं मी सोडलं होतं. खुर्चीचे हात पुसणारी, सळयांची चौकशी करणारी मी, ओळखीचा वास आला म्हणून विचारलं नाही.

नवरा पडदा सारून आत आला तेव्हा मी तिचे पाय मांडीवर उचलून धरले होते. "काय खाल्लं तिनं?" त्यानं विचारलं. "भरीत," मी म्हणाले. त्याला ते कळेना. तो पुन्हा विचारत राहिला आणि मी तोच शब्द सांगत राहिले. ॲम्ब्युलन्स यायला किती वेळ लागला ते मी सांगू शकत नाही. नवरा म्हणतो, लवकर आली. माझ्यासाठी त्या वेळात ती तीनदा मेली. छाती वर गेली की खाली येईपर्यंत मी थांबायचे, आणि खाली आली की पुन्हा वर जाईपर्यंत.

औषध लागू पडलं होतं. ॲम्ब्युलन्समध्येच ओठांचा रंग परतला. हॉस्पिटलात तिला मास्क लावला, सलाईन लावलं, काही तास इथेच ठेवू म्हणाले, कारण हे कधी कधी उलटून येतं. त्या तासांत मी तिच्या बोटाला लावलेल्या मशीनचा आकडा बघत बसले. नवऱ्यानं मला चहा आणून दिला. तो चिडला असता तर बरं झालं असतं, मला भांडता तरी आलं असतं.

संध्याकाळी तिनं डोळे उघडले, मास्क थोडा बाजूला केला आणि माझ्याकडे बघितलं. रागावली नव्हती. तिला खरंच समजून घ्यायचं होतं.

"आई, आय आस्क्ड. यू सेड नो."

"हो," मी म्हणाले. "मला माहीत नव्हतं. तरी मी नाही म्हणाले. चुकलं माझं."

तिनं मान डोलावली आणि मास्क परत लावून घेतला.

नवरा एकदा एकटाच त्या हॉटेलात गेला आणि वेटरला सांगून आला की पोरगी बरी आहे, तुमची काही चूक नाही. त्या माणसानं म्हणे तरीही माफी मागितली. मी अजून तिथे गेलेले नाही. त्या फुटपाथवरून जाताना मी रस्ता ओलांडून पलीकडे होते.

महिन्याभरानं मी घरीच भरीत केलं. नवऱ्यानं अलार्मखाली टॉवेल हलवत उभं राहायचं कबूल केलं. मला वाटलं, भीती अशी घरात साठवून ठेवली तर ती या पोरीला वांग्याचीही होईल. वांगं भाजलं, सोललं, ठेचलं. दही अर्थातच नाही. गरम भाकरीबरोबर तिच्या पुढ्यात ठेवलं.

तिनं चमचा उचलला आणि तसाच धरून ठेवला.

"आई, इज देअर सेसमी इन इट?"

आमच्या घरात, माझ्या हातच्या अन्नाला तिनं हा प्रश्न पहिल्यांदा विचारला. तिला हेच शिकवलं होतं मी, आणि ती हेच शिकली होती. 'नाही' हा शब्द तोंडापर्यंत आला होता. तो मी उच्चारला नाही. उठून ओट्यापाशी गेले आणि एकेक वस्तू आणून तिच्यासमोर मांडली. वांग्याची काळी साल. मिरच्या. लसूण. शेंगदाण्याचा डबा. तेलाची बाटली, लेबल तिच्याकडे करून. मीठ.

तिनं प्रत्येक वस्तूचा वास घेतला. बाटलीवरचं नाव एकेक अक्षर लावत वाचलं. मग बाटली बाबाकडे सरकवली.

"बाबा, यू ऑल्सो रीड."

त्यानं वाचलं आणि मान डोलावली. तेव्हा कुठे तिनं पहिला घास घेतला. मी माझं ताट बाजूला सारलं आणि तिच्या ओठांकडे बघत बसले.