भावाची मशीन, भावजयीचा कान

नोव्हेंबरचा दुसरा रविवार, सकाळी अकरा. एकोडी, भावाचे घर. हजर: मी, धाकटा भाऊ, भावजय, आई.

भावाला माझे मूत्रपिंड बसवून तीन महिने झाले होते. मी साकोलीला राहते. दर रविवारी येऊन गोळ्यांचा डबा, वजनाची वही आणि कानाच्या मशीनचा तक्ता तपासते.

मशीन नागपूरच्या रुग्णालयाने दिलेली. मेंदूतून निघणारी एक लांब नस मानेतून हृदय-पोटापर्यंत जाते आणि तिचा एक फाटा कानाच्या पाळीच्या वर येतो. तिथे चिमटा लावून बारीक करंट द्यायचा, सकाळी सातला आणि संध्याकाळी सातला, आणि त्या वेळची नाडी तक्त्यात लिहायची. नवा अवयव बसवल्यावर शरीरात होणारा दाह याने कमी होतो का, हे डॉक्टर तपासत होते. होतोच असे कोणी म्हटले नव्हते. गोळ्या बंद करायच्या नाहीत, हे मात्र तीनदा सांगितले होते.

तक्ता पूर्ण भरलेला होता. पण मंगळवारपासून शनिवारपर्यंत सकाळची नाडी नव्वदच्या वर, आणि संध्याकाळची सत्तरच्या आसपास. मी भावाचा हात धरून मोजली. बहात्तर.

"सकाळीच काहून वाढते वो?" मी भावजयीला विचारले.

ती भाजी निवडत होती. "ते माही हाय, बाई."

"तुझी?"

"मंगळवारपासून हे सकाळीच तळ्यावर जाऊन राहिले. जाळं ओढणं चालू हाय न. मशीनची पाळी चुकाले नको म्हणून मीच लावून घेतली. चुलीजवळून उठून बसतो, म्हणून वाढत असंन."

तिने काहीच लपवले नव्हते. आमच्या मासेमार सोसायटीत जाळे ओढायला प्रत्येक घरचा एक माणूस लागतो. गडी आजारी असेल तर घरची बाई दोर धरते आणि हजेरी त्याच्याच नावाने लागते. बाबांना कावीळ झाली त्या वर्षी आईने ओढले आणि बाबांचा वाटा पुरा आला. भावजयीने मशीनलाही तोच नियम लावला होता.

"पाण्यात नाही उतरलो मी," भाऊ म्हणाला. "सोसायटीनं सूट देल्ली. बांधावर बसून होतो फक्त."

"मशीन घेऊन बसायचं होतंस."

"कानाले चिमटा लावून? लोक म्हणतील, याले आता चार्जिंगवर लावा लागते."

आई सुनेकडे वळली. "गोळ्या बी तूच खाल्ल्या काय वो त्याच्या?"

"गोळ्या मी मोजून देतो, माय. त्या तेच खातेत." ती हसली नाही.

मी सांगितले, गुरुवारी रक्त तपासतील आणि तक्ता समोर ठेवूनच वाचतील. दाह दिसला तर म्हणतील, मशीन पूर्ण लावूनही दिसतो. मग कारण भलतीकडेच शोधत बसतील. नाही दिसला तर मशीनला फुकटचे श्रेय, आणि पुढच्या रोग्यांनाही तेच सांगतील.

"मंग मशीन वापस घेतील काय?"

घेऊ शकतात. सहीच्या कागदावर तसे लिहिले होते. ते मी भावजयीला सांगितले.

"तीन महिन्यांत यायले एकदा बी ताप नाही आला, बाई."

"ते गोळ्यांनी असेल."

"असंन. पण कोणाले मालूम?"

डॉक्टरांनाही माहीत नव्हते, म्हणून तर ते तपासत होते.

सकाळच्या पाच रकान्यांवर मी आडवी रेघ मारली, शेजारी 'पत्नीच्या कानाला लावली' असे लिहून सही केली. मशीन लावल्याशिवाय त्याला बांधावर जाऊ द्यायचे नाही, हे काम आईकडे दिले. रक्त काढण्याआधी रुग्णालयातल्या सिस्टरला हे कळवायला फोन करणे माझ्याकडे राहिले.

सोमवारी दहाला तो करायचा होता. नऊलाच भावजयीचा फोन आला. "बाई, गुरुवारचं रक्त पाहू द्या न पह्यले. मंग सांगा." मी हो म्हटले नाही, नाहीही म्हटले नाही.

आज बुधवार. फाइल लावून झाली, गाडी सांगून झाली, भावाला उपाशीपोटी न्यायचे म्हणून त्याचा जेवणाचा डबा वेगळा भरायचे ठरले. सिस्टरला फोन अजून केलेला नाही.