तात्यांच्या मुठीतल्या गोळ्या

ये गं शुभे, अशी जवळ सरक. परवा आलीस तेव्हा चारचौघांत बोलले नाही, पण मावशीच्या नजरेतून काही सुटत नाही. पर्समधून चार डब्या काढल्यास, प्रत्येकीतली एकेक गोळी तळहातावर घेतलीस आणि चहाच्या घोटाबरोबर सगळ्या एकदम आत! एवढी शिकलेली पोर तू. मला तर आमचे शंकरतात्याच आठवले.

तू त्यांना पाहिलं नाहीस. इथं वरकुट्यात आमच्या बांधाला लागून त्यांची डाळिंबाची बाग. उंच, वाळका माणूस. न्याहारी झाली की ओट्यावर बसायचे, मूठभर गोळ्या शेंगदाण्यांसारख्या खुळखुळवायचे आणि लांबूनच तोंडात फेकायचे. एक खाली पडेल तर शपथ! रक्ताची, हाडांची, झिंकची, मॅग्नेशियमची. मुलगा लोणी देवकरच्या कारखान्यात कामाला, तो कुणी ना कुणी सांगितलेली नवी डबी आणायचा. मी म्हणायची, "तात्या, येक येक तरी घ्या." त्यावर ठरलेलं उत्तर, "वैनी, प्वाटात कुठं कप्पं हायती?"

स्वतःपुरतं होतं तोवर हसण्यावारी गेलं. पण त्यांच्या बायकोचं, पारूबाईंचं, गर्भाच्या पिशवीचं ऑपरेशन ठरलं. बारामतीच्या डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं आणि परत पाठवलं. अंगात रक्तच नाही, आधी ते वाढवा म्हणाल्या. लोहाची गोळी दिली, कॅल्शियमची दिली. कोणती कधी घ्यायची तेही सांगितलं असणार, पण ऐकायला होते तात्या. घरी आल्यावर पारूबाईंच्या हातावर दोन्ही गोळ्या, वर मुलाच्या डबीतली झिंकची, आणि गिळायला घट्ट दुधाचा चहा.

दोन महिन्यांनी पुन्हा गेले, तर रक्त होतं तिथंच. चूल ते गोठा एवढं चालल्यावरही पारूबाईंना धाप लागायची. मला हळूच म्हणाल्या, "वैनी, मी काय आता त्या टेबलापातुर पोचत न्हाय." आणि बाहेर तात्या कंपन्यांच्या नावानं ओरडत होते, "गोळ्यांत खडू भरत्यात लेकाचे!"

त्याच आठवड्यात आमच्या ह्यांनी एक पराक्रम केला. तात्यांचा पाय मुरगळला होता, म्हणून त्यांच्या ठिबकातून खत सोडायला हे गेले आणि कॅल्शियमचं खत नि मॅग्नेशियमचं खत एकाच टाकीत ओतून मोकळे झाले. टाकीत फाटलेल्या दुधासारखा पांढरा चोथा! तात्या लंगडत धावले. "आवं रामराव, कॅल्शियमसंगं दुसरं खत कुणी कालवतंय व्हय? त्याचा वार येगळा, टाकी येगळी! आता नळ्यांची भोकं बुजली की झाडानं काय दगड खायाचं?"

मी तिथंच शेवग्याच्या शेंगा काढत होते. तोंडातून निघूनच गेलं, "तात्या, डाळिंबाला वार येगळा, आन् पारूबायला? तिला तर तुमी समदं येकाच मुठीत देताय."

गोळी झेलायला उघडायचं तसं तात्यांचं तोंड उघडं राहिलं. त्यांनी टाकीकडं बघितलं, मग घराकडं. आवाज एकदम बारीक झाला. "वैनी, म्याच तिचं वाटुळं केलं व्हय?"

दुसऱ्या दिवशी डब्यांची पिशवी घेऊन तात्या, पारूबाई नि मी बारामतीला. टाकीची गोष्ट ऐकून डॉक्टरीणबाई हसल्या. "तात्या, पोट म्हणजे खताची टाकी नाही, आत चोथा होत नाही. पण लोह आणि कॅल्शियम एकदम घेतलं की लोह अंगाला नीट लागत नाही. मध्ये निदान दोन तास जाऊ द्या. लोहाच्या गोळीजवळ चहा-दूध नको. आणि डॉक्टरांनी न सांगता आणलेल्या ह्या डब्या बंद करा. अशी जास्तीची गोळी कधी कधी त्रास देते." सातांतल्या पाच डब्या त्यांनी तिथंच बाजूला काढल्या.

मग काय, तात्यांनी दुसरं टोक गाठलं! ठिबकाचे वॉल, म्हणजे पाण्याच्या चाव्या, एकामागून एक सोडतात ना, तसं ओट्याच्या भिंतीवर कोळशानं लिहिलं: 'वॉल १, सकाळी सात, रक्ताची, लिंबूपाण्यासंगं. चहा बंद. वॉल २, दुपारी जेवणावर, हाडाची.' नऊपर्यंत घरात चहाचं पातेलं चढेना. वासानं पारूबाईंचं मन होईल म्हणून. एकदा निरवांगीचे व्याही साडेसातला आले आणि दीड तास भिंत वाचत बसले. तात्या म्हणाले, "दम धरा पाव्हणं, वॉल चालू हाय."

पण रक्त वाढलं हो! ऑपरेशनच्या दिवशी सलाईन लावायला नर्स आली, तर तात्यांनी विचारलंच, "बाई, ह्यात दुसरं काय कालवलं न्हाय न्हवं?" खाटेवरच्या पारूबाई कित्येक महिन्यांनी खळखळून हसल्या.

गेल्या वर्षी तात्या गेले. बागेतून आले, ओट्यावर टेकले, ते टेकलेच. मागं घराला रंग द्यायचा निघाला, तर पारूबाई त्या भिंतीला पाठ लावून उभ्या राहिल्या, "येवढी सोडा." गोळ्या कधीच संपल्या, तरी नऊच्या आत चहा नाही. मी विचारलं, "आता कशापायी?" तर म्हणाल्या, "वॉल चालू हाय अजून, वैनी."

तर शुभे, पुढच्या खेपेला त्या चारही डब्या घेऊन ये, आणि लवकर ये. आधी डॉक्टरीणबाईंना दाखवू, त्यातली कोणती तुला लागते आणि कोणती उगीचची. मग पारूबाईंच्या ओट्यावर बसू. चहा मिळेल, पण नऊनंतर. तेव्हा उभ्या उभ्या येऊ नकोस, राहायलाच ये.