सिरसाळ्याच्या बाजारात मी वाघ पकडला

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. मी सांगायला लागले की माझं डोकं तापतं, आणि मग मधेच कुणी हसलं तर त्याचाही उद्धार होतो. चहा घ्या. साखर कमी वाटली तरी बोलू नका, मी आधीच चिडलेय.

केजला माझं शिवणकाम, हे तर तुम्हाला माहीतच आहे. आमच्या पूजानं डोक्यात भरवलं, "आई, तू कटिंग इतकं भारी शिकवतीस, मोबाईलवर व्हिडिओ टाकत जा की!" टाकले. कटोरी ब्लाऊज, प्रिन्सेस कट, चुण्यांची बाही. कुठल्या कुठल्या गावच्या बाया लिहायला लागल्या, "ताई, तुमच्यामुळं जन्मात पहिल्यांदा बाही नीट बसली." शिंपिणीला ह्याच्याहून मोठा हारतुरा असतो का हो?

आणि मग तो आला.

नाव काय, तर 'बीडचा ढाण्या वाघ'. फोटोत एक मिशीवाला माणूस. काळा गॉगल, पांढरा शर्ट, एक हात कमरेवर, जणू जिल्हा ह्याच्याच बापाचा! पहिल्याच दिवशी लिहिलं, "आधी स्वतःच्या अंगावरचा ब्लाऊज नीट शिव." मी सोडून दिलं. दुसऱ्या व्हिडिओला लिहिलं, "म्हातारे, नातवंडं सांभाळ." म्हातारे! माझ्या लेकीचं अजून कॉलेज सुरू आहे! तिसऱ्याला लिहिलं, "हिला नवऱ्यानं टाकलेली दिसती, म्हणून दिवसभर मशीनवर बसती."

हे मी मालकांना वाचून दाखवलं. मालक जेवत होते.

"टाकली?" ते म्हणाले, "मग मी कुणाच्या घरी जेवायलोय?"

"तुमाला हसू येतंय?"

"मोबाईल ठिव बाजूला अन् भाकर वाढ."

आता मला सांगा, आमच्या गल्लीत भांडणं होत नाहीत का? नळावर तर एकमेकींच्या सात पिढ्या काढतो आम्ही! पण भांडणारीचं तोंड दिसतं. तिला परवा माझ्याकडंच साडीला पिको-फॉल करायला यायचं असतं, म्हणून ती कितीही पेटली तरी एका हद्दीत पेटते. ह्या वाघाला कसली आलीय हद्द? त्याला ना तोंड, ना गल्ली, ना साडी!

तरीही मी गप्प बसले असते. खरंच. पण एका व्हिडिओत मी पूजाच्या अंगावर माप घेऊन दाखवलं, आणि त्या मेल्यानं माझ्या पोरीवर लिहिलं. काय लिहिलं ते सांगत नाही, चहा कडू होईल. त्याच्या खाली आणखी चार-सहा बिनचेहऱ्याची गिधाडं येऊन खिदळली. त्या दिवसापासून पूजा कॅमेऱ्यासमोर येईना. कॉलेजला जाताना ओढणी पिनांनी गच्च बांधायला लागली. रागाच्या भरात मी एका बाईच्या पैठणीच्या ब्लाऊजला दोन्ही बाह्या डाव्या हाताच्या कापल्या! आयुष्यात पहिल्यांदा!

अशात माझी धाकटी जाऊ रेखा आली. मोबाईलमधला फोटो बघून ओरडलीच.

"अक्का! ह्या माणसाला मी वळखती की! सिरसाळ्याच्या बाजारात फळाचा गाडा हाय ह्याचा. माहेराला जाताना मी पपई घेती ह्याच्याकडून!"

"नक्की?"

"मिशी बघा ना. अशी मिशी दुसऱ्या कुणाला न्हाई."

झालं! मालकांनी "जाऊ नको" म्हणायच्या आत माझा एक पाय चपलेत होता.

रेखाला बरोबर घेतलं. केजहून धारूर, धारूरहून तेलगाव, तिथून जीपनं सिरसाळा. रस्ताभर मी काय काय बोलायचं त्याची तालीम केली. ती इतकी मन लावून केली, की जीपमध्ये शेजारी बसलेली बाई पोराला घेऊन मागच्या सीटवर गेली.

आणि खरंच हो, बाजारात तोच माणूस! तीच मिशी! गॉगल नव्हता एवढंच. शांतपणे मोसंबी मापत होता. लेकीच्या डोळ्याला पाणी आणून हा मोसंबी मापतोय!

"वाघ म्हणत्यात ते तुमीच का?"

त्यानं इकडंतिकडं बघितलं. "वाघ? बाई, मी रशीद. पपई इकतो."

बस्स. माझी मशीन सुरू झाली. काय बोलले, किती बोलले, मलाच आठवत नाही. आयाबहिणी, लाजशरम, पोरीबाळी, मातीत जाणारी मिशी, सगळं एका दमात. भाजीवाल्या उठून आल्या. चहावाला गाळणी हातात घेऊनच आला. रेखानं मोबाईल वर धरला होता. मी म्हटलं असू दे, पुरावा राहील.

"बाई, जरा सबुरीनं घ्या," तो म्हणाला. "माझं काय चुकलं ते तर सांगा."

मी फोटो त्याच्या नाकासमोर धरला. "ह्यो फोटो तुमचा हाय का न्हाई?"

त्यानं डोळे बारीक केले. "फोटो माझाच हाय, पण..."

"ऐका! ऐका सगळेजण! कबूल केलं!"

आणि हाताला लागला तो चिकू उचलून मी त्याला मारला. पिकलेला होता. त्याच्या सदऱ्यावर फुटला.

"अक्का," मागून रेखा म्हणाली, "रेंज गेली."

"कसली रेंज?"

"लाईव्ह चालू व्हतं ना. आत्ता बंद पडलं."

"तू लाईव्ह करायलीस? मला वाटलं नुसतं शूटिंग!"

तेवढ्यात रशीदचाचांनी (बाजारात सगळे त्यांना चाचाच म्हणतात, हे मला नंतर कळलं, सगळं मला नंतरच कळतं) रुमालानं सदरा पुसला आणि खिशातून स्वतःचा मोबाईल काढून माझ्या हातात दिला. बटणांचा. वरून रबर लावलेला.

"ह्यात फोन येतो अन् फोन जातो," ते म्हणाले. "बाकी ह्याला कायबी जमत न्हाई, अन् मला बी न्हाई. ह्याच्यावर तुमच्या पोरीला मी काय लिवणार?"

"मग तो फोटो?"

"भाचीच्या लग्नातला. भाच्यानं काढला, गॉगल बी त्याचाच. त्यानं कुठं नेटवर टाकला, अन् तिथनं कुण्या हरामखोरानं उचलला. बाई, सगळ्या जन्मात एकच फोटो चांगला आला, अन् तोच चोरीला गेला!"

माझी मशीन बंद. दोराच तुटला.

"तुमी पहिल्या न्हाईत," चाचा म्हणाले. "मागं मांजरसुंब्याचा एक ढाबेवाला आलता. वाघानं त्याच्या डाळीला कायतरी वंगाळ लिवलं म्हणं. त्यानं आल्या आल्या माझी कॉलरच धरली. तुमी चिकूवरच भागवलं, मेहरबानी."

मी हात जोडले. किती वेळा जोडले! माझा नंबर दिला, म्हटलं काही त्रास झाला तर मला बोलवा. चाचांनी चहा पाजला. वर एक पपई दिली, "पोरीला द्या" म्हणून. ती पपई मांडीवर घेऊन मी जीपमध्ये बसले आणि वाटलं, चला, चूक झाली, माफी झाली, विषय संपला.

विषय संपला? अहो, धारूरजवळ रेखाच्या मोबाईलला रेंज आली आणि तो जो टणटणायला लागला!

आलं का लक्षात? लाईव्ह गेलं ते कुठपर्यंत गेलं? माझा आरडाओरडा गेला. "फोटो माझाच हाय" गेलं. चिकू गेला. आणि तिथंच रेंज गेली. बटणाचा मोबाईल, भाचीचं लग्न, चोरीला गेलेला फोटो, ह्यातलं काहीच कुणी बघितलं नाही! रेखाला म्हटलं, आधी ते काढून टाक. तिनं काढलं. पण तोवर लोकांनी त्याच्या नकला करून गावोगाव वाटल्या होत्या. वरून गाणंही लावलं होतं.

"वाघीण हाय ताई!" "ठोका असल्यांना!" "पत्ता द्या, बाकीचं आमी बघतो." चाचांचं नाव कळल्यावर तर विचारूच नका. चिकू राहिला बाजूला, त्या माणसाच्या धर्मावर घसरले. एकाचंही खरं नाव नाही, एकाचाही खरा चेहरा नाही. कुणी गरुड, कुणी सरकार, कुणी नुसतेच आकडे.

आणि ह्या सगळ्यात, सगळ्यात वरती, कुणाची कमेंट असेल? सांगा!

बीडच्या ढाण्या वाघाची! "ताई, तुमी एकदम बरोबर केलं. पोरीबाळींना त्रास देणाऱ्याला भर बाजारात तुडवलं पाहिजे." आणि कमेंटच्या शेजारी फोटो रशीदचाचांचाच! गॉगल घातलेला! म्हणजे चाचाच म्हणतायत की चाचांना तुडवा! आणि त्याला शेकडो अंगठे! ज्या तोंडाला शिव्या द्यायल्यात, त्याच तोंडाला अंगठे द्यायल्यात, आणि एकाही शहाण्याच्या ध्यानात येईना!

मी पेटले. अशी पेटले की विचारू नका. पण आता चिकू मारू कुणाला?

पुढच्या बाजाराच्या संध्याकाळी चाचांचा फोन आला. आवाज बसलेला. "बाई, कुठली तरी पोरं गाडीवर आलती. गाडा उलटा केला. सगळी मोसंबी रस्त्यावर. आता गिऱ्हाईक भीतीनं जवळ येईना. तुमी म्हणला व्हता फोन करा, म्हणून केला." ते एवढंच बोलले. रागावले असते तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी मी परत सिरसाळ्याला गेले. ह्या वेळी मालकही आले, आणि त्यांनी चाचांच्या गाड्याचं मोडलेलं चाक बसवायला घेतलं. मी गाड्याशेजारी स्टुलावर बसले, चाचांना शेजारी बसवलं, आणि व्हिडिओ केला. सुनीता हे माझं नाव सांगितलं, गाव सांगितलं, तोंड दाखवलं. म्हटलं, "ह्या माणसाचा काही गुन्हा नाही. गुन्हा माझा. शहानिशा न करता मी ह्यांना भर बाजारात बोलले. शिव्या द्यायच्या तर मला द्या."

लोक भारी आज्ञाधारक! दिल्या.

"किती पैसे घेतले?" "दबाव टाकलेला दिसतो." "नाटकी बाई." कालची वाघीण आज गद्दार! आणि चिकूचा व्हिडिओ ज्यांनी ज्यांनी बघितला होता, त्यांतल्या निम्म्यांनीही हा बघितला नाही. माफीला गाणं लावून कोण वाटणार?

चाचांनाही कुणीतरी कमेंटा वाचून दाखवल्या. ते म्हणाले, "बाई, आता माझ्यापेक्षा तुमालाच जास्त शिव्या पडायल्यात. जाऊ द्या."

त्यांचा धंदा सावरला, पण तो नेटवाल्यांमुळं नाही. त्या दिवशी माझा तमाशा बघायला उठून आलेल्या भाजीवाल्याच मुद्दाम त्यांच्या गाड्यावर जाऊन उभ्या राहायला लागल्या. "आमी होतो तिथं, आमी बघितलंय," असं येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायला लागल्या. तोंड असलेली माणसं ती!

आणि वाघ? पोलिसांत तक्रार दिली, तपास चालू आहे म्हणतात. त्यानं फक्त फोटो बदलला. आता दुसऱ्याच कुणा बिचाऱ्याचा लावलाय. त्याच्याही गावाला कुणीतरी जीप करून निघालं असेल.

इथंच मी गप्प बसायला पाहिजे होतं की नाही? पण मी कुठली बसते!

मी म्हटलं, तुम्हीच मुखवटे घालणार का? मग मीही एक खातं उघडलं. नाव ठेवलं 'एक सज्जन'. फोटोत गुलाबाचं फूल. आणि माझ्या माफीच्या व्हिडिओखाली घुसले. पहिली शिवी लिहून पाठवायला वेळ लागला. दुसरीला नाही. तिसरीला तर मजा यायला लागली! कधी न बघितलेल्या माणसाच्या आईपर्यंत मी अशी पोचले, की नळावर ते तोंडातून निघालं असतं तर मालकांनी घर सोडलं असतं. मेल्या वाघाला काय गोडी लागली असेल ते मला तेव्हा कळलं, आणि कळलं म्हणून आणखीच संताप आला!

मधेच एका भल्या बाईनं लिहिलं, "ताई, तुमची माफी मनापासून वाटली." तिला आभार मानायला म्हणून मी माझ्या खऱ्या खात्यावर गेले, आभार मानले, आणि परत 'सज्जन' व्हायचं विसरले. तशीच बसून मन लावून लिहिलं:

"मी एक पुरुष असून सुनीताताईंना लहानपणापासून ओळखतो. अत्यंत शांत स्वभावाच्या बाई. आजपर्यंत त्यांनी कुणाला वरच्या आवाजात बोललेलं मी ऐकलेलं नाही. शिवण तर जिल्ह्यात एक नंबर. दिसायलाही वयाच्या मानानं फार चांगल्या आहेत."

पाठवलं. वर माझं नाव. शेजारी माझाच हसरा फोटो.

आतल्या खोलीतून पूजा धावत आली, "आई! आई, खातं बदल! पुस ते आधी!" माझी बोटं घाबरून भलतीकडंच पडायला लागली. तोवर खाली पहिलं उत्तर आलंसुद्धा. मालकांचं. ज्यांनी आयुष्यात कधी एक कमेंट केली नव्हती त्यांचं, स्वतःच्या नावानं आणि स्वतःच्या फोटोसकट:

"ह्या कोणत्या सुनीताताई? मला बी भेटवा."