परदेशी बिल्ला आणि घरांची वही

सेवेत शेकडो गुन्हे पाहिले. पण कबनूरच्या एका भरतकाम कारागिराने माझ्या टेबलावर ठेवलेला बिल्ला अजून डोळ्यांसमोरून हलत नाही. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. कोल्हापूरजवळच्या एका पोलीस ठाण्याचा मी प्रभारी होतो.

"सायेब, असले चाळीस बिल्ले भरून मागितल्यात. चित्र कसलं म्हणून इचारलं, तर म्हणाले, तुला काय करायचंय? मला काय बरं वाटंना."

काळ्या कापडावर लाल कुऱ्हाड, भोवती काट्यांचं कडं. स्टेशन डायरीत नोंद केली, पण चिन्ह कुणालाच ओळखेना. शेवटी इतिहासाच्या एका निवृत्त प्राध्यापिकाबाईंकडे गेलो.

"युरोपात दोन महायुद्धांच्या मधे एक किरकोळ पक्ष होता, त्याचं हे चिन्ह," बाई म्हणाल्या. "निवडणुकीत त्यांना कुणी विचारलं नाही."

"मग काळजी नको?"

"हवी. मतं मिळेनात, तेव्हा त्यांनी गावोगाव शेजाऱ्यांच्या याद्या केल्या. कुणाचा धर्म कोणता, कोण कुठून आलेलं. पुढे मोठ्या पक्षाकडे सत्ता गेली आणि त्याच याद्या घेऊन लोकांना घरातून ओढून काढलं. साहेब, यादी शोधा."

बिल्ले न्यायला आलेल्या दोघांना चौकशीसाठी आणलं. एक म्होरक्या. दुसरा पन्नाशीचा, दूध संस्थेत दूध मोजून घेणारा.

"आमचं अभ्यास मंडळ हाय. इतिहास वाचणं गुन्हा हाय व्हय?" म्होरक्याने विचारलं.

गुन्हा नव्हताच. बिल्ला भरून घेणंही नव्हतं. संध्याकाळपर्यंत दोघांना सोडावं लागणार होतं.

मी त्यांना वेगळं बसवलं. दूधवाल्याला चहा दिला, म्हशींची चौकशी केली. आवाज न चढवता बोललं की असली माणसं मोकळी होतात. मग सहज विचारलं, "यादीतलं अक्षर तुमचंच ना?"

त्याने कप खाली ठेवला. "यादीचं तुमाला कुणी सांगितलं?"

तासाभरात त्याच्या गोठ्यातून, पेंडीच्या पोत्यामागून पंचांसमक्ष वही जप्त केली. बौद्ध वस्तीतली घरं, मुसलमान यंत्रमाग कामगारांची घरं; कुठे किती पुरुष, ते कामाला कधी जातात. शेवटच्या पानावर हल्ल्याचा दिवस होता. तो चार दिवसांवर आला होता.

पहिलं नाव त्याच्या शेजाऱ्याचं होतं. एसटीतून निवृत्त झालेला बौद्ध चालक.

"माझ्या बायकोला साप चावला, तवा ह्यानंच दवाखान्यात नेलतं," दूधवाला खाली बघत म्हणाला.

"मग पहिलं नाव त्याचंच का?"

"जवळचं घर तेच. तिथनंच लिवायला सुरुवात केली."

हल्ल्याचा दिवस उजाडायच्या आत मंडळातले सगळे अटकेत होते. दूधवाल्याचा जबाब न्यायाधीशांसमोर नोंदवला. पुढे खटला उभा राहिला आणि म्होरक्यासह सहा जणांना शिक्षा झाली.

अटकेनंतर वहीतल्या प्रत्येक घरी मी स्वतः गेलो. लपवून ठेवणं मला पटत नव्हतं. चालकाने सगळं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "त्याच्या म्हशींची धार कोण काढतंय?"

"माहीत नाही."

"कोर्टात मी साक्ष देणार की. पण जनावरांनी काय गुन्हा केलाय?" एवढं बोलून तो बादली घेऊन शेजारच्या गोठ्याकडे गेला.

मी आयुष्यभर गुन्हेगाराच्या हातात हत्यार शोधलं. या प्रकरणात ते एका मवाळ माणसाचं सुवाच्य अक्षर निघालं. त्यानंतर कुणी वस्तीतली नावं गोळा करतंय असं कानावर आलं, की मी चहा अर्धा टाकून निघत असे.