माळ्याखालचं निळं वर्तुळ

शाळेच्या ग्रंथालयात मी तीस वर्षं काढली. भुताखेतांची पुस्तकं मुलांना नोंद करून दिली, स्वतः मात्र एकही घरी आणलं नाही. असल्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता. आजही आहे असं म्हणवत नाही. घडलं ते क्रमाने लिहिते... मला लिहायला वेळ लागतो, एवढं सांभाळून घ्या.

आमचं घर नाशिक रोडला, जुन्या कॉलनीत. तळमजला, जाड दगडी भिंती. पुढे हॉल, मग अरुंद पॅसेज आणि शेवटी मागची खोली. माझे यजमान प्रेसमध्ये तपासणीच्या कामावर होते. छापलेल्या कागदातला दोष शोधायचा, हेच आयुष्यभर केलं. घरातही तीच शिस्त. ह्यांनी निळ्या पेन्सिलीने भिंतीवर लहानसं वर्तुळ काढून मधोमध ठिपका दिल्याशिवाय कुणी खिळा ठोकलेला चालत नसे. हे जाऊन अकरा महिने झाले होते. ह्यांचा फोटो फ्रेम होऊन कधीच आला होता, पण कपाटाला टेकूनच उभा होता. खूण कोण करणार?

मुलगी मुग्धा बंगळुरूची नोकरी घरून करायची म्हणून माझ्याकडे येऊन राहिली. हॉलमध्ये रस्त्याचा गोंगाट, त्यामुळे ती मागच्या खोलीत बसे – आणि तिथे वायफाय धड पोचतच नसे. मीटिंगमध्ये तिचं बोलणं अर्ध्यावर तुटायचं. शेवटी तिच्या साहेबांनी बजावलं, की सोमवारची दोन तासांची मीटिंग न तुटता झाली तरच घरून काम, नाहीतर एक तारखेला ऑफिसात हजर व्हायचं. ती मला काही बोलली नाही. मी दारातून ऐकलं. ती गेली असती तर घरात उरलो असतो मी आणि तो टेकवलेला फोटो.

शनिवारी आम्ही द्वारका चौकाजवळच्या एका दुकानात गेलो. सगळ्यांत महाग, सहा अँटेनांचा राऊटर दाखवा, असं मी सांगितलं. दुकानदाराने आधी विचारलं, सध्याचा कुठे ठेवलाय? शोकेसमध्ये, मुग्धा म्हणाली, चांदीच्या गणपतीमागे, आणि धूळ बसू नये म्हणून वर आईने विणलेलं कव्हर.

"काकू, राऊटरला थंडी वाजते का?" तो म्हणाला.

मग त्याने नीट समजावलं. वेगवान सिग्नल जाड भिंतीपलीकडे टिकत नाही, लांबवर जाणारा असतो तो हळू. दगडी भिंतींपुढे एकट्या राऊटरला सहा काय, दहा अँटेना असल्या तरी उपयोग नाही. त्यापेक्षा दोन डब्यांचा मेश घ्या, एकाकडून सिग्नल घेऊन दुसरा तो पुढे देतो. एक हॉलमध्ये उघड्यावर ठेवा.

"दुसरा मात्र मागच्या खोलीत नको. जिथे सिग्नलच नाही तिथे बसून तो पुढे काय देणार? सिग्नल अजून धड आहे, अशी मधली जागा शोधा. ती तुमचं घर सांगेल काकू, मी नाही."

रविवार जागा शोधण्यातच गेला. दुसरा डबा फ्रिजवर ठेवून पाहिला, पुस्तकांच्या कपाटावर, पॅसेजमधल्या स्टुलावर. कुठे हॉलशीच संबंध तुटे, कुठे मागची खोली कोरडी राही. चारच्या सुमाराला मुग्धाने पलंगाखालून बॅग बाहेर ओढली. मी पॅसेजमध्ये भिंतीला टेकून उभी होते. मनात म्हटलं, अहो, तुम्ही असता तर... आणि सहज वर पाहिलं.

माळ्याच्या जरा खाली, पांढऱ्या भिंतीवर, निळं वर्तुळ. मधोमध ठिपका.

वर्षश्राद्धाला माणसं येणार म्हणून ती भिंत तीनच आठवड्यांपूर्वी रंगवून घेतली होती. मी रंगाऱ्याला फोन केला. तो म्हणाला, "ताई, पुट्टी करून वर दोन हात मारलेत. खालची पेन्सिल वर कशी येईल?" त्याला ह्यांची खूण माहीत असण्याचं कारण नाही. माझे गुडघे मला स्टुलावर चढू देत नाहीत, आणि स्टुलावर चढूनही मुग्धाचा हात तिथवर पुरत नव्हता.

"हे बाबांचं आहे," मुग्धा हळूच म्हणाली.

शेजाऱ्यांची शिडी आणली. माळ्याखाली जुन्या ट्यूबलाइटचा प्लग पॉइंटही निघाला, आम्ही तो विसरूनच गेलो होतो. मुग्धाने ठिपक्यावर खिळा ठोकला, डबा अडकवला. मागच्या खोलीत लॅपटॉपवर सिग्नलच्या साऱ्या रेघा भरल्या.

सोमवारी मी घड्याळ घेऊन पॅसेजमध्ये बसले. दोन तासांची मीटिंग दोन तास वीस मिनिटं चालली. मुग्धाचा आवाज एकदाही अडखळला नाही. नंतरच्या अर्ध्या तासात साहेबांचा मेल आला, आणि ती दारात येऊन म्हणाली, "आई, ती बॅग सरकव आता पलंगाखाली."

मी बॅग सरकवली. मग ह्यांच्या ड्रॉवरमधून निळी पेन्सिल काढली आणि हॉलच्या भिंतीवर, आयुष्यात पहिल्यांदा, स्वतः वर्तुळ काढलं. ठिपका जरा डावीकडे गेला.

"बाबांनी रिजेक्ट केलं असतं," मुग्धा म्हणाली, आणि तिथेच खिळा ठोकला. फोटो टांगताना आम्ही दोघी कितीतरी वेळ हसत होतो.

माळ्याखालची खूण आता डब्यामागे गेली आहे. ती तिथे कशी आली, याचं उत्तर मला आजही सापडलेलं नाही. डबा उतरवून पुन्हा बघावं, असं एकदाही वाटलं नाही. त्याचा हिरवा दिवा जळतो आहे, मागच्या खोलीत मुग्धा कुणाला तरी ठामपणे काहीतरी समजावते आहे – ते इथे हॉलमध्ये, ह्यांच्या फोटोखाली बसून मला स्वच्छ ऐकू येतं.