शेठची काळी घरगाडी

एरंडोलच्या रस्त्यावर मी गाड्या धुवायचो. एकदा भर उन्हाळ्यात जळगावचा एक शेठ आपली घरगाडी घेऊन आला. आत पलंग, स्टोव्ह, सगळं; बाहेरून काळाकुळकुळीत नवा रंग. तिसऱ्या प्रहरी ती लेकीच्या सासरी मिरवायची होती.

गाडी धुऊन मी जुन्या धोतराचं मऊ फडकं काढलं, तर शेठ चारचौघांत ओरडला, "ए अंगठाछाप, तुझं धोतर माझ्या गाडीला लावू नको! एवढं ऊन आहे, वाळेल आपोआप."

आमच्या विहिरीचं पाणी खारं. न पुसता वाळलं की पत्र्यावर चुन्यासारखे डाग पडतात. हे सांगणारच होतो, पण 'अंगठाछाप' ऐकून तोंड मिटलं. उलट टपावरून आणखी दोन बादल्या ओतल्या आणि निंबाखाली बसून बघत राहिलो.

घटकाभरात गाडी पांढऱ्या ठिपक्यांनी भरली. शेठ नखानं खरडायला लागला. "आबा, हे काय झालं हो?" आता मी आबा झालो होतो.

"तुमनं ऊन शे ना शेठ, त्याले इचारा."

गाडी तशीच व्याह्यांच्या दारात गेली. लिंबू चोळलं असतं तर डाग निघाले असते. तेही मी सांगितलं नाही, आणि त्याचं मला आजही वाईट वाटत नाही.